हिराबाईची गोधडी आणि गाडीतला फ्रिज

ओवी आणि निहार,

डिसेंबरात येताय, आणि आल्यावर गाडीतच झोपत-जेवत कोकणात उतरायचं म्हणताय. फोनवर तुम्ही विचारलंत, खाणं गार ठेवायला काय घ्यायचं आणि झोपायला काय? असले प्रश्न मला आवडतात हे तुम्हाला ठाऊक आहे. यादी करून पाठवते म्हणाले होते, ती शेवटी आहे. पण त्याआधी एक गोष्ट सांगायची आहे. ती तुमच्या आजोबांनाही मी पूर्ण सांगितलेली नाही... हे पत्र पाठवण्याआधी त्यांना वाचायला देणार आहे.

आधीच सांगते, चौतीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं, तेही इंग्रजीतून. दृष्ट, बाधा, अंगात येणं यावर कुणी बोलायला लागलं की मी उठून चहा टाकायला जाते. आजही जाते. तरीही जे झालं ते झालं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आजोबांनी नवी गाडी घेतली होती. मागची सीट पाडली की दोन माणसं आरामात झोपू शकतात. अलिबागच्या पुढे त्यांच्या एका जुन्या मित्राची नारळाची वाडी आहे, तिथे दोन रात्री गाडीत काढायच्या ठरल्या. माझी तयारी महिनाभर चालली. थर्माकोलचा डबा पाहिला, तो कुरकुरतो आणि फुटतो. जाड भिंतींची बर्फपेटी पाहिली, पण बर्फ वितळून डबे पाण्यात तरंगतात. शेवटी गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा फ्रिज घेतला. मुख्य कारण आजोबांचं इन्सुलिन. बाकी दही नासलं तर नासलं. झोपायला हवेची गादी आणि दोन स्लीपिंग बॅग. सगळ्यावर लेबलं लावली.

आता हिराबाई. करंजा बंदरातली कोळीण. वीस वर्षं बुधवारी आणि शुक्रवारी सुकापूरला आमच्या दारी मासळी घेऊन यायची. तुमच्या आजोबांना काटे काढून सुरमई खायला तिनेच शिकवलं. त्या बुधवारी आली तेव्हा हॉलभर माझं सामान मांडलेलं होतं.

"काय गो बाय, दुकान काढलंस काय?"

मी तिला फ्रिज दाखवला. तिने झाकण उघडून आत नाक घातलं.

"येवढासा? आन् याला करंट लागतो? गाडी थांबली म्हंजे?"

"तशी सोय असते गं," मी म्हणाले. तशी सोय असते की नाही हे मी पाहिलेलं नव्हतं. माहितीपुस्तिका पानापानाने वाचणारी मी, त्या वेळी तिच्यासमोर मला फक्त बरोबर असायचं होतं.

मग तिने पिशवीतून एक गोधडी काढली. पावसाळ्यात होड्या बंद असतात तेव्हा बसून शिवलेली. "तुज्यासाठी हाय. रातच्याला अंगावर घे. आन् दिवसा खाऱ्या पान्यात बुडवून पिलायची, पेटीवर टाकायची. आमी मासलीवर तेच करतो. बरफ सांजपर्यंत ऱ्हातो."

मी हात फिरवला आणि ओळखलं. माझी पिवळी इरकल, माझं निळं खादीचं लुगडं, तुमच्या बाबांच्या मुंजीत नेसले होते ती जांभळी... वर्षानुवर्षं मी तिला दिलेली माझीच जुनी लुगडी. बारीक, सरळ टाक्यांच्या ओळी. मला असे टाके कधी जमले नाहीत.

आणि गोधडीला सुक्या बोंबलांचा वास येत होता.

"छान आहे हिराबाई, नक्की नेते," मी म्हणाले. ती गेली. मी गोधडी दोन बोटांत धरून खाली नेली. आमच्या जिन्याखाली जुन्या कपड्यांचं खोकं असतं, दर शुक्रवारी संध्याकाळी एका संस्थेचे लोक येऊन नेतात. त्यात ठेवली. नव्या गाडीला वास लागेल, एवढाच विचार होता. आजोबांना सांगितलं, माळ्यावर ठेवलीय.

शुक्रवारी हिराबाई नेहमीसारखी आली, पापलेटं दिली आणि नेहमीपेक्षा लवकर गेली.

शनिवारी सकाळी सहाला निघालो. दहाच्या सुमाराला वाडीत पोचलो, गाडी नारळांच्या सावलीत लावली. फ्रिज मागे, त्यात इन्सुलिनची पेनं, दही, चटण्या आणि माझा गोल काट्याचा छोटा थर्मामीटर. मित्राची बायको म्हणाली, "वहिनी, औषध आमच्या फ्रिजमध्ये ठेवा की."

"नको, आमचा आहे ना," मी म्हणाले. किती ठसक्यात म्हणाले!

समुद्रावर गेलो. मग त्यांच्याकडे जेवण, गप्पा, ओटीवरच्या खाटेवर डुलकी. चार वाजता परत आलो तेव्हा सावली सरकून गाडी पूर्ण उन्हात होती. काचा बंद. किल्ली दिवसभर माझ्या पर्समध्ये. दार उघडलं तर भट्टीसारखी वाफ अंगावर आली. फ्रिजचा हिरवा दिवा विझलेला होता. किल्ली काढली की त्या गाडीतलं सॉकेटही बंद होतं. म्हणजे दहापासून, सहा तास, बंद गाडीत, उन्हात.

गावात औषधाचं दुकान नाही. त्यांचं इन्सुलिन कुठेही मिळेल असं नव्हतं, आणि संध्याकाळचा डोस दोन तासांवर.

"उघड तर," आजोबा म्हणाले.

फ्रिजच्या झाकणावर ओल होती. वाटेतला लाल धुरळा मागच्या दाराच्या फटीतून येऊन झाकणावर बसला होता, त्यावर चौकोनी ओला ठसा. आणि त्या ठशात बारीक, सरळ टाक्यांच्या ओळी. एकीला लागून एक. कडेने पाण्याचे थेंब सीटवर उतरले होते. आणि वास... तुम्ही ओळखलाच असेल कुठला.

आजोबांनी बोट लावून चाटलं. (तुमचे आजोबा असेच आहेत.) "खारट आहे गं. हिराबाईची गोधडी आणलीस होय?"

"नाही. ती घरी राहिली."

मी झाकण उघडलं. आतून गार हवा तोंडावर आली. थर्मामीटरचा काटा पाचावर. दही घट्ट. इन्सुलिनची पेनं हाताला गार लागली.

मला विज्ञान येतं. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता घेतं, पण त्याला वारा लागतो. बंद काचांच्या गाडीत वारा कुठला? आणि ओलं कापडच जर नव्हतं तर ओल कसली? आजोबा फोटो काढायला मोबाइल शोधत होते. तेवढ्यात मी नॅपकिन घेतला आणि झाकण पुसून टाकलं. खसाखसा. दोन्ही हातांनी.

"अगं, थांब ना!" ते म्हणाले.

"घाण झालीय," मी म्हणाले.

डोस वेळेवर दिला गेला. पेनं मित्राच्या फ्रिजमध्ये ठेवली. रात्री हवेची गादी सारखी कुरकुरत होती, स्लीपिंग बॅगेत घामाच्या धारा लागल्या, आणि पहाटे दव पडून गारठा आला तेव्हा अंगावर घ्यायला आमच्याकडे त्या घामट बॅगांशिवाय काहीच नव्हतं.

पुढच्या बुधवारी हिराबाई आली. पाटी खाली ठेवून वर आली, हातात फक्त माझी मासळी. दारात बसली.

"काय गो, झोप लागली काय? गोधडीचा उपेग झाला?"

मी म्हणाले, "खूप झाला. इतकी छान झोप लागली!"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मंग दे, धुवून आनते. खारं पानी ऱ्हायलं तर सूत कुजतं."

"अजून वाळतेय," मी म्हणाले.

ती "बरं" म्हणाली आणि उठली. त्यानंतर एकदाही विचारलं नाही. मासळी तशीच आणत राहिली, ताजी, निवडून. मी मात्र तिच्यासमोर फार वेळ थांबेनाशी झाले. पुढच्या वर्षी तिचे गुडघे गेले आणि तिचं येणंच थांबलं.

गेल्या महिन्यात, तुमचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी, मी करंजाला गेले. एकटीच. बंदराजवळ विचारत विचारत तिचं घर सापडलं. अंगणात बोंबील वाळत होते. हिराबाई ओट्यावर पाय पसरून बसलेली, शेजारी बर्फाची लाकडी पेटी. पेटीवर ओली गोधडी. पिवळी इरकल, निळी खादी, जांभळी...

मी उभीच राहिले. तिने सुनेला हाक मारली, "बाय आलीय, च्या टाक गो!"

मग मला उमगलं. मासळीची पाटी ती नेहमी जिन्याखाली उतरवायची. वर आणलेली शेजाऱ्यांना चालत नसे... मलाही चालत नसे. वीस वर्षं त्याच जिन्याखाली. त्या शुक्रवारी, संस्थेचे लोक येण्याच्या आधी, तिला ती खोक्यात दिसली होती.

"हिराबाई," मी म्हणाले, "मी ती नेली नव्हती."

"ठाव हाय."

"मग मला का विचारलंस?"

"तू सांगशील म्हनून."

चहा आला. कप खाली ठेवून मी विचारलं, त्या शनिवारी दुपारी गोधडी कुठे होती? तिला आठवायला वेळ लागला नाही, कारण शुक्रवारीच तिने ती घरी नेली होती.

"हितंच. याच पेटीवर. दुपारला वली केली, टाकली. का गो?"

मी तिला सगळं सांगितलं: दिवा, काटा, टाक्यांचा ठसा, आणि मी तो पुसला तेही. ती हसली नाही, घाबरलीही नाही. पेटीवरची गोधडी जरा सारखी केली.

"शिवताना तुमचंच नाव घेत व्हते," एवढंच म्हणाली. "दादांचं औषिद बरं ऱ्हायलं ना?"

"राहिलं."

"मंग झालं."

झालं कसं? अलिबागच्या पुढची वाडी कुठे आणि करंजा कुठे. मी खूप विचार केला, वहीत मुद्दे मांडले, दोन पानं भरली आणि सोडून दिली. पेनं गार का राहिली याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी झाकण का पुसलं, याचं आहे.

आता यादी. बर्फपेटी जाड भिंतींची घ्या, गाडीवर चालणारा फ्रिज नको. औषध असेल तर यजमानांच्या फ्रिजमध्ये ठेवा, ठसका न दाखवता. हवेची गादी नको, फोमची चालेल. स्लीपिंग बॅग कोकणात उकडतात. पांघरायला मी काही लिहीत नाही, ती जागा यादीत रिकामी ठेवली आहे. निघताना त्या दिवशी माझ्या जिभेवर आलं होतं, ही मला परत देशील का? पण मला विचारवलं नाही.

तुम्ही आलात की पहिल्या दिवशी आपण करंजाला जाऊ. वास येईल. नाक मुरडू नका.

तुमची,
आजी