मागच्या गोणीचं वजन

वजनकाट्यांच्या कारखान्यात त्यांना सगळे मास्तर म्हणत. काट्याच्या आतला सी भाषेतला प्रोग्रॅम त्यांनी एकट्याने लिहिला होता आणि तो वर्षानुवर्षं बिनतक्रार चालला. कुणी सुधारणा सुचवली की म्हणत, "चालत्या गाडीला खीळ कशाला?"

पुढे त्यांची मुलगी तिथेच लागली. घरी बाबा, कामावर सर. काटा जलद चालावा म्हणून तिने कंपायलरला, म्हणजे प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाला, ऑप्टिमायझेशनची, अनावश्यक वाटतील ती कामं गाळण्याची, मुभा दिली. काही दिवसांतच गोदामांतून तक्रारी आल्या: नवी गोणी ठेवली तरी काटा मागच्या गोणीचं वजन दाखवतो.

मालकांनी बैठक ठेवली. दोष कंपायलरचा निघाला तर जुना प्रोग्रॅम राहणार, मास्तरही राहणार. प्रोग्रॅमचा निघाला तर प्रोग्रॅमलाही नारळ, मास्तरांनाही.

आदल्या संध्याकाळी भांडी विसळत ते मुलीला म्हणाले, "तू एवढंच सांग, कंपायलर बिघडलाय."

"तो बिघडलेला नाही, बाबा. तुम्ही मेमरीतल्या एकाच जागेवर पूर्णांकाचा पॉइंटर रोखून लिहिता आणि दशांशाचा पॉइंटर रोखून वाचता. नियम असा, की दोन वेगळ्या प्रकारच्या पॉइंटरनी एकाच जागेला हात लावायचा नाही. कंपायलर त्या नियमावर विसंबतो. लिहिलं ते पूर्णांकात, मग दशांश कशाला बदलेल, असं धरून तो आधी वाचलेलंच पुढे करतो."

"इतकी वर्षं बरं नीट वाचलं त्याने."

"तोवर त्याला कुणी डोकं चालवायला सांगितलं नव्हतं."

"आणि आमचं चालतच नव्हतं," ते म्हणाले आणि हसले. ती हसली नाही.

बैठकीत तिने खरं तेच सांगितलं. "चूक सरांच्या कोडमध्ये आहे." मालक म्हणाले, "आता आराम करा, मास्तर."

शेवटच्या आठवड्यात त्यांनी ती जागा स्वतः दुरुस्त केली. पॉइंटरची हातचलाखी काढली, बाइट सरळ दुसरीकडे नक्कल करून घेतले. ऑप्टिमायझेशनसकट काटा बरोबर वजन दाखवू लागला. पण नवा प्रोग्रॅम लिहायचं तोवर ठरलं होतं.

त्या संध्याकाळी मुलीने विचारलं, "बाबा, जेवायला येताय ना?"

"तुम्ही बसा. मी नंतर बसेन."

आवाज चढलेला नव्हता. तिने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "जाऊ दे, उद्यापर्यंत निवळेल."

ते अजून तिला तुम्हीच म्हणतात.