मोठ्या फाटकाचा मानकरी

पंचाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. हिंगणघाटच्या एका मालगुजाराची बाग नगरपालिकेनं सर्वांसाठी खुली केली होती. बाजाराकडच्या बारक्या फाटकातून आम्ही सगळे सटकन आत शिरायचो. एक म्हातारा मात्र भिंतीला अख्खा वळसा घालून पलीकडच्या मोठ्या लोखंडी फाटकातून यायचा.

येणं कसलं, स्वारीच ती! फाटकाशी थांबून तो टोपी नीट करायचा, धोतर झटकायचा, खाकरायचा. मग जिथून पूर्वी मालगुजाराची बैलांची दमणी धावायची, त्या वाटेच्या ऐन मधोमध नवरदेवासारखा चालत यायचा. त्याला पाहून चौकीदारही नकळत बिडी लपवायचा.

एकदा मी त्याला छेडलंच. "काऊन हो बाबाजी, घर तं तुमचं बाजारात हाये. मंग एवढा फेरा कायले?"

"त्या बारक्या फाटकातून मी जिंदगीभर झाडाईले पाणी द्याले आलो," तो म्हणाला. "हे मोठं फाटक आमच्यासाठी बंद राहे. आता खुलं झालं, तं मी तिकून काऊन येऊ?"

पुढे एके संध्याकाळी तो मला या मोठ्या फाटकाबाहेरच भेटला. फाटकाला नवा रंग दिला होता, म्हणून ते लावून घेतलेलं. मी म्हटलं, "चाला बाबाजी, आजच्या दिवस बारक्यातून जाऊ."

त्यानं नेहमीसारखी टोपी नीट केली, धोतर झटकलं, आणि घराकडे वळला.

"वाळू द्या रंग. उद्या येतो," तो म्हणाला. "आता मले काई झाडाईले पाणी नाई द्याचं."