उजवीकडचा कल

दिघीच्या तरीवर वल्हं मारून लोकांना खाडीपार नेणाऱ्या भागोजीचा पोरगा नामा खाडी पोहून पार करायचा, पण समोरच्या आगरदांड्याच्या धक्क्याकडे तोंड करून कधीच नाही. नारळी पौर्णिमेची शर्यत ओहोटीत लागे आणि ओहोटी माणसाला डावीकडे, समुद्रात ओढते. म्हणून उजव्या अंगाच्या डोंगरावर डोळा ठेवून हात मारायचे. पाणीच आणून धक्क्यावर सोडतं. बापानं शिकवलेलं ते एवढंच. शर्यतीचा नारळ दरवर्षी नामाच घरी न्यायचा.

चोपन्न साली बोर्लीचे दिनानाथ त्याला मुंबईला घेऊन गेले. ते गिरणीत फिटर होते, आणि गिरणीचा पोहण्याचा संघ होता.

"राज्याच्या संघात निवडला गेलास, की गिरणीत कायम. मग बायकोलाही आण, कोकिळेला."

तलावात उतरल्यावर नामा बावचळला. "दादा, ह्ये पानी मेलंय का काय?"

"तुला काय त्याचं सुतक धरायचंय? फ्रीस्टाइल हाण!"

निवडीच्या दिवशी नामानं सगळ्यांच्या आधी भिंतीला हात लावला. वर बघतो तर पंच मान हलवत होते.

"मी पयला न्हाय?"

"पहिलाच. पण शेजाऱ्याच्या पट्ट्यात. बाद."

ओहोटी नव्हती, तरी अंग उजवीकडेच गेलं होतं.

गावी कोकिळेनं विचारलं, "अवो, पान्यात पट्टं? आनि त्ये पुसत न्हाईत?"

"तळाला रंगवल्यात."

"मंग तुमी खाली बघायचं सोडून डोंगर कुठं बघत व्हता?" ती हसली. त्याला हसता आलं नाही.

पुढं वर्षामागून वर्षं, कुणी रजेवर गेला की त्याच्या जागी बदली कामगाराची पाळी आणि सकाळचा तलाव. दिनानाथ काठानं चालत ओरडायचे, "पुन्हा उजवीकडे! तुझी ओहोटी दिघीला ठेवून ये की रे!" कल हळूहळू गेला. पण तोवर पंधरा-सोळा वर्षांची पोरं पुढं आली होती. महाराष्ट्र झाला त्या वर्षी नामा सुतात पोहला आणि चौथा आला. घेतले तिघेच.

"सरळ आलास हो," दिनानाथ म्हणाले, पण त्याच्याकडे न बघता. संघ नाही म्हटल्यावर बदलीची पाळीही गेली. उरली ती बापाची होडी.

तो परतला तेव्हा नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली. गावचा काळूराम दिघीच्या धक्क्यावर ओरडला, "मुंबईचा फ्रीस्टाइल आला रे! नारळ घरीच पोचवा त्याच्या!" शर्यतीच्या दिवशी कोकिळा कोरडं धोतर घेऊन आगरदांड्याला जाऊन उभी राहिली. निदान या पाण्यात तरी पहिला येईन, नामाला वाटलं.

उडी मारली. तोंड पाण्यात, हात लयीत, सरळ धक्क्याकडे. बरंच अंतर गेल्यावर मान वर केली, तर धक्का उजवीकडे लांब सरकलेला. वळायला गेला, पण मुंबईला सरळ केलेलं अंग उजवीकडे वळेना. दम संपला. पोरं पुढं निघून गेली.

भागोजीनं होडी आणून त्याला काखेत धरून वर ओढलं.

"कुठं चालला व्हतास?"

"धक्क्यावर, बा."

"धक्का तितं व्हता?"

भागोजीनं होडीचं नाक उजवीकडे डोंगरावर धरलं. पाण्यानं होडी आपसूक धक्क्याला आणली. कोकिळेनं धोतर पुढं केलं.

परतताना उतारू बसल्यावर नामानं वल्ह्याला हात घातला.

"ऱ्हाऊ दे," बाप म्हणाला. "होडीत मानसं हायत."