चित्रमावशीची चौथी ओळ

आमच्या चित्रमावशीकडून चित्र उसनं नेणं सोपं होतं. परत करणं महाकठीण. नेताना दारात उभं राहायचं, घरी काय कार्य आहे ते सांगायचं, की ती एक चित्र काढून द्यायची. पण परत घेऊन गेलात की ती दारात आडवी उभी राहायची आणि चित्राला हात लावायच्या आधी म्हणायची, "म्हन." म्हणजे चित्राखाली छापलेली कविता न बघता म्हणून दाखवायची. जमली तर चित्र आत जाई. अडखळलात तर चित्र काखोटीला मारून पुन्हा आपल्या घरी. याशिवाय तिने कुणाकडून काही घेतलं नाही, आणि कुणी काय नेलं हे कधी लिहूनही ठेवलं नाही.

अकोल्यात मोर्णा नदीच्या अलीकडे, आमच्याच गल्लीत ती राहायची. गेल्या वर्षी ती गेली. मी इकडे तामिळनाडूत, होसूरला, कारखान्यात, त्यामुळे मला जाता आलं नाही. ते मनाला लागून राहिलंय, म्हणून हे लिहायला बसलो. माझी शाळा नववीत सुटली, तेव्हा लिहिण्यात काही मागेपुढे झालं तर सांभाळून घ्यावं. पण ज्यांच्या गल्लीत असं एखादं माणूस होतं, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

मावशीचे यजमान अमरावतीला एका छापखान्यात होते. त्या छापखान्याच्या मालकाला कवितेचं वेड. तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कागदावर चार ओळींची कविता आणि त्या कवितेवरून काढलेलं रंगीत चित्र असलंच पाहिजे, असा त्याचा हट्ट होता. गिऱ्हाईक कुणीही असो. एरंडेल तेलाच्या लेबलावर ढगांकडे बघत बसलेली विरहिणी. उंदीर मारायच्या पुडीवर पाळणा हलवणारी आई, आणि खाली मायेची कविता. कापडाच्या ताग्यांवरचे कागदी शिक्के, साबणाची वेष्टनं, बियाण्याच्या पिशव्या, कॅलेंडरं, सगळीकडे कुणीतरी कुणाची तरी वाट बघत उभं. छापखाना बंद पडला तेव्हा मालक म्हणाला, ज्याला जे हवं ते घेऊन जा. कुणी टेबल नेलं, कुणी लोखंड नेलं. मावशीच्या यजमानांनी कागदाचे गठ्ठे उचलले आणि बदली झाल्यासारखे अकोल्याला आले. चांगली चांगली चित्रं निवडून त्यांनी काचेच्या फ्रेमांत बसवली. ते वारल्यावर मावशीकडे ती चित्रं राहिली आणि गल्लीत तिचं नाव चित्रमावशी पडलं.

चित्रं उसनी कशाला न्यायची, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. मुलगी बघायला येणार असले की घरात सोफ्यावर नवी चादर येते, शेजारच्यांचा कपबशांचा सेट येतो. तसंच हे. भिंतीवर जुनं चित्र, खाली कविता, म्हणजे घराणं शिकलेलं, आजा-पणजापासून वाचणारं, असं पाहुण्यांना वाटतं. बार्शीटाकळीपासून लोक यायचे. पण चित्र कोणतं द्यायचं ते मावशी ठरवणार. तुमचं घर कुठे तोंड करून आहे, स्वयंपाक कोण करतं, भांडण झालं की आधी कोण बोलतं, असं काहीही विचारायची आणि मग आत जाऊन काहीतरी भलतंच आणायची. एका निवृत्त तलाठ्यांनी वास्तुशांतीसाठी शोभेसं काही मागितलं, तर त्यांना एरंडेलवाली विरहिणी मिळाली. तलाठी ती घेऊन गेले. मावशीपुढे बोलून उपयोग नसतो हे त्यांना माहीत होतं.

चित्र बाहेर पाठवताना ती चित्रातल्या बाईला सगळं समजावून सांगायची. जुन्या लुगड्यात फ्रेम गुंडाळता गुंडाळता म्हणायची, "पातूरले चालली तू. दोन दिवस राह्यजो. त्यांच्या घरी धूर लय असते, तोंड वाकडं करू नको." नेणारा माणूस तिथेच उभा असायचा. घरातल्या धुराबद्दल त्याने नाराज व्हायचं की चित्राची काळजी घेईन म्हणून कबूल व्हायचं, हे त्याला कळत नसे. बहुतेक जण मान हलवत.

पातूरचाच दुसरा एक माणूस म्हणजे मावशीचा सगळ्यात मोठा कैदी. त्याने मुलाच्या लग्नासाठी वाघाचं चित्र नेलं. लग्न झालं, सून घरात आली, पण कविता काही त्याच्या डोक्यात शिरेना. काही दिवसांनी एसटीने यायचा, वाघ मांडीवर घेऊन. दारात उभा राहायचा, दुसऱ्या ओळीपाशी घसरायचा आणि वाघ घेऊन परत जायचा. एकदा त्याने सुनेला पाठवलं. तिला कविता घडाघडा येत होती, पण मावशी म्हणाली, "नेलं कोनं? सासऱ्यानं. मंग तू काहून म्हनून राहिली?" शेवटी त्याने त्या कवितेला भजनाची चाल लावली, टाळ घेऊन आला आणि दारात उभा राहून डोळे मिटून सगळी म्हटली. गल्लीतले लोक जमले होते. मावशीने वाघ आत घेतला. तो माणूस मात्र जायला निघेना. वाघाशिवाय घरी करमायचं नाही, म्हणत होता.

आता माझं. तेव्हा मी डाळ मिलमध्ये कामाला होतो. वडील नव्हते, घरी आई आणि मी. आमच्याकडे आजकाल मुलांची लग्नं जमत नाहीत हे तुम्हाला ठाऊकच आहे, त्यातून मी नववी शिकलेला. नकार येऊन येऊन असं झालं होतं की, मध्यस्थाचा फोन वाजला की मी तो न उचलता आईच्या हातात द्यायचो. मुलीकडचे चहा पिऊन उठले की आई माझ्याकडे बघायची नाही, ते मला जास्त लागायचं. अशात अमरावतीचं पल्लवीचं स्थळ आलं. ती बी.ए. झालेली. हे काही जमत नाही, असं मी आधीच धरून चाललो होतो.

आई, मामा आणि मी मुलगी बघायला अमरावतीला गेलो. बसलो, आणि समोरच्या भिंतीवर नदीकाठची बाई.

ती बाई मी लहानपणापासून बघत होतो. नदीकाठी घागर घेऊन उभी, शेजारी हंस, पलीकडच्या काठावर पाठमोरा एक फेटेवाला. ही मुळात खोकल्याच्या औषधाची जाहिरात. कवितेच्या तीन ओळी बरोबर होत्या आणि चौथ्या ओळीत औषधाचं नाव आणि दिवसातून कितीदा घ्यायचं ते होतं. फ्रेम लहान पडली म्हणून मावशीच्या यजमानांनी ती ओळ कापून टाकली. मावशीला हे पटलेलं होतं. "कोनती बाई नदीवर उभी राहून औषध सांगते?" असं ती म्हणायची. पण तीन ओळींची कविता तिला लंगडी वाटे, म्हणून चौथी ओळ तिने स्वतः केली. ती कुठे छापलेली नाही. चित्र परत करताना मात्र ती म्हणावीच लागे.

पल्लवीचे बाबा म्हणाले की चित्र त्यांच्या आजोबांनी काशीहून आणलं. मामांनी चित्राकडे पाहिलं, आईने मामांकडे पाहिलं, आणि तिघेही आम्ही पोहे खाऊ लागलो. बोलणार काय? ते आमचं घर बघायला येतील तेव्हा आम्हीही मावशीकडेच जाणार होतो.

त्यांना आई आवडली, असं मध्यस्थ म्हणाला. माझ्याबद्दल काही म्हणाला नाही. ते लोक घर बघायला अकोल्याला येणार असं ठरलं, आणि हल्लीच्या पद्धतीने पल्लवीही येणार होती. आई मामांना घेऊन मावशीकडे गेली. मावशीने आतून नदीकाठची बाईच आणली. ती तोवर अमरावतीहून परत आली होती. आईने हात जोडले, सगळं सांगितलं, दुसरं काहीही दे म्हणाली, अगदी उंदराच्या पुडीवरचं चालेल म्हणाली. मावशी ऐकेना. हेच न्यायचं, नाहीतर कोरी भिंत ठेवायची. आमच्या भिंतीला बरोबर सोफ्याच्या वर ओल आलेली होती. मग मामांनी तोडगा काढला. ते म्हणाले, "छापील चित्र आहे. हजार निघाले असतील. एक काशीले गेलं, एक आमच्याकडे आलं. जुळे भाऊ नसतात काय?" आईला ते पटलं, की पटवून घ्यावं लागलं, माहीत नाही. मामांनी चित्र स्वतः उचलून आणलं आणि टांगलं.

पाहुणे आले. पल्लवी, तिचे आई-बाबा आणि एक आत्या. बाबा आत आले, चित्र बघितलं आणि चित्राकडे पाठ करून बसले. पल्लवीची आई पदर सारखा करत राहिली. बराच वेळ पावसावर, तुरीच्या भावावर बोलणं झालं. मला वाटलं निभावलं. पण या आत्याला कुणी काही सांगितलेलं दिसत नव्हतं. ती चित्राकडे बोट करून म्हणाली, "दादा, हे तं आपलंच हाय."

मामा म्हणाले, "आमच्या पणजोबांचं आहे. प्रयागचं."

बाबा तोंड न वळवता म्हणाले, "असू शकते. काशी-प्रयाग काही दूर नाही."

आत्याचं समाधान झालं नाही. तिने माझ्याकडे मोर्चा वळवला. खाली काय लिहिलंय ते चष्म्याशिवाय दिसत नाही, बापू, तुम्हीच वाचून दाखवा, म्हणाली. मला कळलं, हा नववीवाला वाचतो कसा ते बघायचंय. मी उठलो. अक्षरं बारीक, काचेवर खिडकीचा उजेड पडलेला, मला काहीच दिसेना. पण कविता तर पाठ होती, या चित्राने गल्लीतली सगळी लग्नं जमवलेली. मी काचेकडे तोंड करून म्हणायला सुरुवात केली:

पार गेले नाथ माझे, मी नदीकाठी उभी,
चंद्र एकच दोन काठां, एक तारा ये नभी,
हंस सांगे, थांब बाई, रात्र आहे थोडकी,

इथे थांबायचं होतं. पण घाबरलेल्या माणसाला थांबता येत नाही. तोंड पुढे गेलं, आणि त्याच वेळी माझ्या मागून आणखी एक आवाज माझ्याबरोबर निघाला:

थाप भाकर दोन आधी, भूक त्याची रोकडी.

मी वळून बघितलं. पल्लवीने तोंडावर हात ठेवला होता.

आत्याने पिशवीतून चष्मा काढला, उठली, काचेला नाक लावून ओळींवर बोट फिरवलं. मग आमच्या दोघांकडे बघत म्हणाली, "इथं तं तीनच हाय. हे भाकरीचं कुठून आलं?"

आई खाली बघत होती. मला वाटलं, संपलं. एवढ्यात पल्लवीच्या बाबांचे खांदे हलू लागले. मला वाटलं माणूस रागाने थरथरतोय. ते हसत होते. हसता हसता मामांना म्हणाले, "तुमी कितीदा म्हनली दारात?"

मामा म्हणाले, "मी अजून म्हटली नाही. उद्या म्हणायची आहे."

"दुसऱ्या ओळीत सांभाळा," बाबा म्हणाले. "मी काठाले घाट म्हनलो, तं तिनं मले परत बडनेऱ्याच्या गाडीत बसवलं."

मग सगळे हसले, आत्या सोडून. तिला पल्लवीच्या आईने स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं. मुलगा हुशार आहे का, घर स्वतःचं आहे का, पुढे कुणी काही विचारलंच नाही. जाताना पल्लवी दारात थांबली आणि मला म्हणाली की तिला त्या चित्रातला फेटेवाला कधीच आवडला नाही, पाठमोऱ्या माणसाचा भरवसा वाटत नाही. मी म्हणालो, मला पाठमोरं उभं राहता येत नाही, मागे काय चाललंय याची काळजी वाटते. ती हसली. चार दिवसांनी होकार आला.

दुसऱ्या दिवशी मामांबरोबर मीही चित्र परत करायला गेलो होतो. मामांनी कविता म्हटली, चित्र आत गेलं. मी मावशीला विचारलं की दोन्हीकडे एकच चित्र तू मुद्दाम दिलंस का. ती लुगड्याची घडी करत म्हणाली, "मी नेहमीच देतो. दोघंई खोटे बोलून राहिले, अन् एकाच बाईच्या खाली बसून. मंग पुढं कोन कोनाले हिनवन? एकाच बाजूनं खोटं असलं तं पोरगी जन्मभर ऐकते." मी विचारलं, आणि ते लोक भडकून उठून गेले असते तर? मावशी म्हणाली, "त्या घरी तुले जायचंच कायले होतं?"

लग्नात ती आली, दोनदा जेवली, आणि अक्षता टाकताना मंगलाष्टकं म्हणणाऱ्याच्या दोन चुका मोठ्याने दुरुस्त केल्या.

नंतर होसूरच्या कारखान्यात एक ओळख निघाली आणि आम्ही दोघं इकडे यायला निघालो. मी तोवर अकोला-अमरावतीच्या पलीकडे गेलेला नव्हतो. भाषा येत नाही, काम जमेल का, लोक काय म्हणतील, शिक्षण विचारतील तेव्हा काय सांगायचं, या विचारात माझी आठवडाभर झोप गेली होती. अकोला स्टेशनवर आई आली आणि तिच्याबरोबर मावशी. तिला बघितलेलं ते शेवटचं. मला आपली खात्री होती की ती आमच्यासाठी एखादं चित्र आणणार. तिच्या हातात नुसती पाण्याची बाटली होती. गाडी लागली, सामान चढवलं. शेवटी मीच खिडकीतून म्हणालो, मावशी, एखादं चित्र दिलं असतंस तर बरं झालं असतं, तिकडची खोली अगदीच कोरी आहे म्हणतात.

मावशीने खिडकीच्या गजांतून बाटली आत सरकवली.

"तुमाले कायले पायजे चित्र?" ती म्हणाली. "आता तुमाले पाहाले कोन येते?"

गाडी हलली. पल्लवीने डबा उघडला. मी बाकाला पाठ टेकून बसलो.