दुधाने विझवलेला स्लॅब

२१ एप्रिल २०२५, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. एवढी नोंद करून मी वहीतला पुढचा रकाना उघडला, ‘आगीनंतर काँक्रीटचा रंग’, आणि मान वर केली. छत पांढरेशुभ्र होते. त्यात किंचित निळी झाक होती.

तिसगावच्या पलीकडच्या एका गावातले हे महिलांचे दूध संकलन केंद्र. एक खोली, वर पाच इंची स्लॅब, मागून वर जायला जिना. आठ दिवसांपूर्वी वायरिंगमधून ठिणगी पडून पेंडीची पोती आणि प्लास्टिकचे क्रेट पेटले होते. इमारत सुरक्षित असल्याचा दाखला महिनाअखेर मिळाला नाही, तर संकलन शेजारच्या गावी हलवू, असे वरच्या दूध संघाने कळवले होते. दाखला द्यायचा की नाही, हे ठरवायला नगरच्या आमच्या कार्यालयातून मी गेले होते. एकटी आणि पहिल्यांदाच.

तयारी चोख होती. भाजलेले काँक्रीट स्वतःचे तापमान स्वतःच सांगते: साधारण तीनशे अंशांच्या पुढे ते गुलाबी पडते, सहाशेच्या पुढे राखाडी होत जाते. एम.टेक.ला मी भट्टीत कितीतरी ठोकळे भाजून या गुलाबी छटांची ओळख करून घेतली होती. आता प्रत्यक्ष इमारतीत ती पहिल्यांदा दिसणार होती.

“छताला रंग कुणी दिला?” मी विचारले.

“आमीच,” संस्थेच्या अध्यक्षबाई म्हणाल्या. पन्नाशीच्या, उंच, पदर कमरेला खोचलेला. “साहेब येनार म्हनल्यावर त्येला काळं छत दाखवायचं व्हय? आधी सोड्यानं घासलं, मग चुन्याचे दोन हात दिले. नीळ बी घातली.”

“मावशी, मी ते काळं बघायलाच आले होते.”

“मंग फोनवर सांगायचं न्हाई का, पोरी?” त्यांच्या आवाजात पश्चात्तापापेक्षा दोषारोप अधिक होता, आणि तर्काच्या कसोटीवर तो चुकीचाही नव्हता.

मी दुसऱ्या पुराव्याकडे वळले. आगीत काय वितळले आणि काय टिकले, यावरून तापमानाचा अंदाज बांधता येतो. पण जळके सामान भंगारवाल्याकडे गेले होते आणि जमीन शेणाने सारवून तिच्यावर रांगोळी काढलेली होती. उरल्या त्या आग पाहिलेल्या बायका, साक्षीदार म्हणून. मी त्यांना ओळीने बसवले.

“क्रेटचं काय झालं होतं?”

“पाक झालता. गुळाचा.”

“आणि अल्युमिनियमचे क्यान? वितळून थेंब पडले होते का?”

“थेंब न्हाई. दोन क्यानांची कड लवली हुती, पर क्यान उभे हुते.”

म्हणजे त्या कोपऱ्यात तरी साडेसहाशेच्या खाली. मी लिहून घेतले. “आग विझवली कशाने?”

या प्रश्नावर सगळ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. शेवटी सचिवबाई म्हणाल्या, “दुदानं.” सचिवबाई वयाने अध्यक्षबाईंच्या निम्म्या, पण हिशेबाला पक्क्या होत्या. टँकर दुपारी यायचा. सकाळी सातला गावात हंडाभर पाणी मिळणे मुश्कील होते आणि समोर त्याच सकाळचे संकलन भरलेले उभे होते. अध्यक्षबाईंनी पहिला क्यान उलटा केला, मग बाकीच्यांनी.

मी कार्यालयातल्या सरांना फोन लावला. तापलेल्या काँक्रीटवर गार पाणी पडले तर त्याला तडे जातात, त्यामुळे त्यांचाही पहिला प्रश्न तोच होता.

“विझवली कशानं?”

“दुधानं, सर.”

“गाईच्या की म्हशीच्या?”

“मिश्र.”

“लिही तसं,” ते म्हणाले. “आणि रंग गेला असेल तर हातोडी घे.”

हातोडीने टकटक करत गेले की चांगले काँक्रीट खणखणीत वाजते आणि आतून सुटलेले बद्द. मी स्टुलावर चढून खडूने चौकोन आखू लागले. चौथ्या चौकोनाला खालून आवाज आला, “बद्द.” पाचव्याला, “खनखनीत.” सहाव्याला मी म्हणाले, “खणखणीत,” तर खालून तीन बायका एकदम म्हणाल्या, “बद्द!” मी पुन्हा वाजवले. बद्दच होते. उभा जन्म माठ वाजवून घेतलेल्या त्या कानांपुढे माझे दोन सत्रांचे प्रशिक्षण तोकडे पडले. शेवटी मी केवळ वाजवत होते, निदान खालून येत होते आणि सचिवबाई ते माझ्याच वहीत उतरवून घेत होत्या.

निष्कर्ष मात्र अडचणीचा निघाला. छताचा जवळपास तिसरा हिस्सा बद्द वाजत होता. सुटलेला भाग केवळ गिलाव्याचा आहे की सळईपर्यंत गेला आहे, हे त्या पांढऱ्याशुभ्र पृष्ठभागावरून सांगणे शक्य नव्हते. सरांशी बोलून मार्ग एकच उरला: स्लॅबवर ठरावीक भार चोवीस तास ठेवायचा, स्लॅब किती वाकतो ते मोजायचे, भार काढायचा, आणि पुढच्या चोवीस तासांत तो किती सावरतो ते पाहायचे. भार निघाला अडीच टनांहून थोडा अधिक. साधी रीत म्हणजे छतावर वीतभर उंच पाणी साठवायचे.

“पानी?” अध्यक्षबाई म्हणाल्या. “एप्रिलमंदी? छतावर? उनाला?”

“भारच हवा आहे ना मॅडम,” सचिवबाई म्हणाल्या. “मंग क्यान भरून ठिवू. झाकन लावलं की पानी उडत बी न्हाई, वाया बी जात न्हाई.”

तांत्रिकदृष्ट्या यात काहीही चूक नव्हती. मी होकार दिला.

तीन दिवसांनी, सकाळचे संकलन आटोपल्यावर, बायकांनी क्यानांची रांग जिन्यावरून हातोहात वर नेली. स्लॅब कोसळलाच तर अडवायला मी खाली लोखंडी टेकू लावले होते, छताला वाकायला जागा राहावी म्हणून मध्ये दोन बोटांची फट सोडून. “टेकू लावायचा पर टेकवायचा न्हाई, आसला कसला टेकू?” या प्रश्नाचे उत्तर मी चार वेळा दिले. आगीतून वाचलेल्या काट्यावर सचिवबाईंनी प्रत्येक क्यानाचे वजन केले, आणि हाताच्या सवयीने पहिल्या क्यानातले थेंबभर पाणी फॅट मोजायच्या यंत्रातही घातले. यंत्राने शून्य दाखवले. “प्रामानिक पानी हाय,” त्या म्हणाल्या.

छताच्या मध्याखाली मी भार चढण्याआधीच डायल गेज बसवला होता. हे घड्याळासारखे दिसणारे उपकरण. छत एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतके जरी खाली आले तरी त्याचा काटा हलतो. दुपारी तीनपर्यंत वाक ३.१० मिलिमीटर झाला होता आणि काटा मंदगतीने पुढे सरकत होता. सगळे ग्रंथात लिहिल्याप्रमाणे चालले होते.

पावणेसहाला मी चहा घेऊन आले तर काटा २.४० वर होता. मी चष्मा पुसला. २.१०. काटा उलटा चालला होता! भाराखाली असलेला, आगीत भाजलेला, दुधाने विझवलेला स्लॅब आपण होऊन वर उठत होता. पुढची पाच मिनिटे माझ्या व्यावसायिक आयुष्यातली सर्वांत उत्कट होती, हे मला मान्य करावे लागेल. दुधातले प्रथिन तड्यांत शिरून तापमानाने घट्ट होते आणि पकड वाढवते, अशी उपपत्ती मी वहीत मांडली. खाली शोधनिबंधाचे शीर्षक लिहिले. १.७०. परदेशातल्या परिषदेला जायचे तर पासपोर्टची मुदत संपत आली आहे, हेही मला आठवले.

तेवढ्यात बाहेर क्यानावर क्यान आपटल्याचा आवाज आला.

मी जिन्याकडे धावले. बायकांची रांग सकाळसारखीच उभी होती. फक्त क्यान आता खाली येत होते.

“मावशी! चोवीस तास ठेवायचे होते!”

“आगं, सांजचं दूद आलंय की,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “ते कशात वतायचं? तुझ्या घड्याळात?”

“पण मी सांगितलं होतं—”

“तू चोवीस तास सांगितलं, आमी व्हय म्हनलो. म्हशीला कुनी इच्यारलं?”

सचिवबाईंनी माझी उघडी वही पाहिली. “शीर्षक लई भारी हाय मॅडम,” त्या म्हणाल्या. मी ते पान फाडले.

त्या संध्याकाळी दुधाची टिपणे झाल्यावर आम्ही दोघी-तिघी, आगीनंतर संकलनासाठी बाहेर ताणलेल्या ताडपत्रीखाली बसलो. मी सांगितले की आता पाण्याखेरीज इलाज नाही, आणि हेही सांगितले की तेवढा खटाटोप करूनही स्लॅब नापास होऊ शकतो. तसे झाले तर मी नापासच लिहीन.

“लिही की,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “पडनारं छत आमाला बी नको. पर एक ध्यानात घे. शेजारच्या गावाला तीन किलोमीटर क्यान डोक्यावर घिऊन जाऊ, त्याचं काय न्हाई. पर तिथल्या संस्थेत समदे सभासद बापई गडी. तिथं दूद घातलं की वहीत नाव मालकाचं लागतंय. हितं माझं लागतंय.” त्यांनी सचिवबाईंकडे बोट दाखवले. “आनि हिचं. आनि ह्या सत्तर जनींचं.”

मग त्यांनी विचारले, “चोवीस तासानं त्या पान्याचं काय करायचं?”

“काहीही. जनावरांना चालेल.”

“मंग हे आधी बोलायचं न्हाई व्हय? मी म्हनते सायबीन पानी उडवायला निघालीय!”

दुसऱ्या दिवशी स्लॅबवर शेततळ्याचा उरलेला जाड काळा कागद अंथरला गेला. कडेने विटांचा बांध घालून बायकांनी तो चिखलाने असा लिंपला की थेंब पाझरेना. गवंड्याला दोन दिवस लागले असते ते काम दीड तासात झाले. २६ तारखेला सकाळी दहा वाजता टँकरचा पाइप वर गेला आणि एकोणीस सेंटिमीटरच्या खुणेवर पाणी थांबले. अध्यक्षबाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर काठी घेऊन बसल्या. त्या वाटेने दोन शेळ्या आणि एक सरपंच परत गेले.

शेजारच्या गावचे दोघे मोटारसायकल थांबवून बघत होते. “काय वो, छतावर शेततळं केलं का?” एकाने विचारले.

“व्हय,” पायरीवरून उत्तर आले. “तुमच्याकडं तर जिमिनीवर बी न्हाई म्हनं.”

२७ तारखेला दहा वाजता काटा ५.२० वर होता. वाक चार मिलिमीटरच्या आत राहिला असता तर स्लॅब तिथेच उत्तीर्ण झाला असता. तो राहिला नव्हता. आता नियम असा होता की पाणी काढल्यानंतर चोवीस तासांत त्या वाकाचे तीन चतुर्थांश भरून निघाले पाहिजेत. म्हणजे उरलेला वाक १.३० किंवा त्याहून कमी. मी हा आकडा खडूने भिंतीवर मोठा लिहिला, कारण मला तो दर पाच मिनिटांनी कुणीतरी विचारत होते.

पाणी नळीने खाली हौदात उतरले. जनावरे आली, प्याली, गेली. काटा झटकन २.३५ वर आला आणि मग रेंगाळला. सायंकाळी सहाला १.७१. दूध घालायला आलेली प्रत्येक बाई आधी आत डोकावून भिंतीवरचा आकडा पाही, मग काटा पाही आणि रांगेत उभी राही.

२८ तारखेला सकाळी साडेनऊला मी पोहोचले तेव्हा खोलीत उभे राहायलाही जागा नव्हती. छत उन्हाने तापले की तेही हलते, म्हणून अखेरचे वाचन दहालाच घ्यायचे होते, आधी नाही, नंतर नाही. मी उपकरणाकडे पाठ करून उभी राहिले. आदल्या रात्री सरांनी फोनवर एवढेच सांगितले होते: आकडा वाच, चेहरे वाचू नकोस.

“वाढला का कमी झाला, येवढं तरी सांग,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

“दहाला सांगते, मावशी.”

“लई कडक हाय ही,” त्या सचिवबाईंना म्हणाल्या, पण माझ्यासाठी स्टूल त्यांनीच पुसून ठेवले.

दहा वाजता मी स्टुलावर चढले, डोळा काट्याच्या रेषेत आणला, एकदा वाचले, उतरून पुन्हा चढले आणि दुसऱ्यांदा वाचले. दोन्ही वाचने सारखीच होती. मग सगळ्यांना दिसेल अशा बेताने वही भिंतीवरच्या १.३० च्या शेजारी टेकवली आणि शेवटच्या रकान्यात लिहिले: उरलेला वाक, १.१८ मिलिमीटर.