पिशवीविना बाजार

आठवडी बाजाराच्या दिवशी इंदूवहिनी ठेवणीतली साडी नेसून नवऱ्याच्या मोटारसायकलवर केजला निघायची, आणि हातात पिशवी नसायची! अख्खं गाव टँकरची वाट बघत घागरी मांडून बसलेलं, अन् हिचं हे असं. काय आणता बाजारातून, असं कुणी विचारलं की म्हणायची, "काय न्हाई. हिंडतो, भजे खातो, येतो." बाया तोंडाला पदर लावायच्या. मला मात्र तिला निघालेली बघून इतका आनंद व्हायचा, की काय सांगू!

तिची सोनी सात-आठ वर्षांची, स्वमग्न. बोलायची नाही, गलका झाला की कान दाबून किंचाळायची. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सगळं समजावलं होतं, पण सासूबाईंचं एकच टुमणं, पोरीला आईनंच बिघडवलं. नवरा, महादूभाऊ, आईपुढे तोंड उघडायचे नाहीत आणि इंदूवहिनी आतल्या आत धुमसायची.

त्यात दुष्काळ पडला. जनावरं चारा छावणीत नेऊन बांधली. तिथल्या गोंगाटात सोनीला कसं न्यायचं? आणि सासूबाई तर तिला जवळही घ्यायच्या नाहीत. मग दोघांनी आळीपाळीनं राहायचं ठरवलं. आज हा छावणीत, ती घरी, उद्या उलट. गडी भाकरी थापतोय म्हणून गाव हसलं. हसेना का! पण नवरा-बायकोची गाठ पडायची ती दारात, डबा हातात देण्यापुरती. हळूहळू बोलणंच बंद झालं.

एक दिवस महादूभाऊ येऊन ओट्यावर आडवे झाले. त्यांना बघून वहिनी मुकाट्यानं छावणीला निघून गेली. तिला वाटलं, सोनी बापाजवळ आहे. त्यांना वाटलं, वहिनीनं बरोबर नेली. आणि सोनी होती आमच्या दूध सोसायटीत! मी तिथं कामाला. दूध आटलेलं, रिकाम्या कॅनच्या रांगेत पोर आपली शांत बसलेली. मी तिला तिच्या घरी नेलं, छावणीत वहिनीला निरोप धाडला. ती धावतच आली. पोरीला आधी डोळे भरून पाहिलं, मग नवऱ्याला म्हणाली, "आपण नवरा-बायको हाव, का आळीपाळीचे राखणदार? एक शबूद बोललो असतो तर पोर अशी एकटी गेली असती का?"

महादूभाऊ ढसाढसा रडले. मी तिथंच सांगून टाकलं, बाजाराच्या दिवशी सोनी माझ्याकडे, जनावरं शेजारी बघतील, तुम्ही दोघं जा.

असेच एकदा दोघं हसत परत आले, तर सासूबाई कडाडल्या, असलं लेकरू घरात अन् हसू कसं येतंय? वहिनी शांतपणे म्हणाली, "आत्याबाई, आमी संगं हसलो तर तिला आई-बाप दोघं राहतील. न्हाईतर एकेकच मिळंल."

"बराबर हाय तिचं," महादूभाऊ म्हणाले. आईसमोर, पहिल्यांदाच!

पुढच्या बाजाराला सासूबाई स्वतः सोसायटीत आल्या, सोनीशेजारी बसल्या आणि मला म्हणाल्या, "तू जा घरी. मी हाय."

घरी आले तर आमचे हे पेपरात डोकं घालून बसलेले. म्हटलं, "उठा, चप्पल घाला. बाजाराला जायचंय."