लेथवरचा कॉम्प्युटर

मी मूळचा टर्नर. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत माझं अर्धं आयुष्य लेथवर, म्हणजे लोखंड फिरवून कापायच्या यंत्रावर गेलं. हँडल किती फिरवलं की लोखंडाचा किती कीस निघतो, हे माझ्या मनगटाला पाठ होतं. त्यामुळे शेठजींनी मला बोलावून, आता लेथलाही कॉम्प्युटर असतो आणि तो तुम्ही पोरांना शिकवायचा, असं सांगितलं तेव्हा मला आधी हसूच आलं.

शेठजींचं घराणं राजस्थानातून येऊन इथे स्थायिक झालं त्याला किती पिढ्या झाल्या हे त्यांनाही नीट सांगता येत नाही. बियाण्यांचा व्यापार. त्यांच्या एका रिकाम्या गोदामात त्यांनी तरुण पोरापोरींसाठी शिकण्याचा कारखाना काढला होता. माझा जुना लेथ एका बाजूला आणि त्याच्यासमोर ते नवं यंत्र. काचेचं दार, आत हत्यारं, बाजूला पडदा आणि बटणं. पाहिजे तो आकार आधी कॉम्प्युटरवर काढायचा, हत्याराने कुठून कुठे जायचं ते आकड्यांत लिहायचं, मग यंत्र त्याबरहुकूम वस्तू कापून देतं.

"मास्टर," शेठजी म्हणाले, "ही पोरं इथून बाहेर पडतील तेव्हा तुमचा लेथ भंगारात गेलेला असेल. मंग यांनी काय करायचं?"

मला राग आला, पण बोलणं खोटं नव्हतं. या वयात मी संभाजीनगरला शिकायला गेलो. वर्गात सगळ्यांत म्हातारा मीच. की-बोर्डावर एकेक अक्षर शोधत बसायचो. पण हळूहळू लक्षात आलं की माझ्या मनगटात जे होतं तेच आता आकड्यांत लिहायचं आहे. ते उमजल्यावर भीती गेली आणि मी परत येऊन शिकवायला लागलो.

पहिल्या तुकडीत सगळी मुलंच. दुसऱ्या तुकडीत एक मुलगी आली. अंतरवाली सराटीच्या पुढच्या एका खेड्यातली, बारावी सायन्स झालेली. जालन्यात आत्याकडे राहायची. पहिल्या दिवशी तिने वेणी आत खोचून टोपी घातली, कामाचा गडद निळा डगला चढवला आणि बाह्या दुमडल्या. मी विचारलं, "इथे काय शिकवतात ते ठाऊक आहे ना?"

"हो सर. चुलत भावानं सांगितलं. घरी मात्र कॉम्प्युटर कोर्स म्हणूनच सांगितलंय." मग जरा थांबून म्हणाली, "आन् कॉम्प्युटरच तर हाय की."

पोरगी हुशार होती, पण मला आवडला तो तिचा धीर. मुलं पडद्यावर हिरव्या रेषा बराबर आल्या की लगेच यंत्र सुरू करायला धावायची. ही आधी रिकामं यंत्र सावकाश चालवून बघायची. हत्यार हवेत कसं फिरतं ते काचेला नाक लावून पाहायची, तेव्हा कुठे आत धातू लावायची.

पावसाळ्याच्या तोंडावर एका दुपारी तिचे वडील आले. पांढरा शर्ट, खांद्यावर उपरणं, हातात पिशवी. पेरणी यंत्राच्या सुट्या भागासाठी जालन्याला आल्ते, तर जाता जाता पोरीचा कॉम्प्युटरचा वर्ग बघून जावा म्हणून पत्ता विचारत पोचले. दारातच थबकले. समोर तेलाचा वास, लोखंडाचा कीस, आणि त्यात त्यांची मुलगी मुलांसारखा डगला घालून उभी.

"सर," ते मला म्हणाले, "आम्हाला तर कॉम्प्युटर शिकवून राह्यले म्हणून सांगितलं व्हतं. हे तर लोहाराचं काम हाय."

"भाऊ, आत तर या," मी म्हणालो.

"न्हाई. चल माय, सामान बांध. आत्याला मी सांगतो काय सांगायचं ते."

मुलीचा चेहरा उतरला. पण ती वाद घालत बसली नाही. तिने हात पुसले, वडिलांना पाणी दिलं आणि पिशवीकडे बघून विचारलं, "आबा, बुश भेटला का?"

"कुठं भेटून राह्यला! सारा बाजार फिरलो. जुन्या यंत्राचा माल येतच न्हाई म्हणत्यात. नवं यंत्र घ्या म्हणत्यात." त्यांनी पिशवीतून एक पितळी कडं काढलं. पेरणी यंत्राचा दांडा ज्यात फिरतो तो बुश. आतून झिजून लंबगोल झालेला.

तिने तो उजेडात धरला. बाहेरच्या बाजूचं माप घेतलं. आतलं घेतलंच नाही. "आबा, ह्याच्यात फिरतो तो दांडा पाहिजे."

"दांडा कशाला? हाय की बुश तुझ्या हातात."

"हा झिजलेला हाय. ह्याच्या भोकाचं माप घेतलं तर नवा बुशबी झिजलेलाच होईल. दांडा आणा, मी करून देते."

"तू?"

"मी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. खरं सांगतो, मला त्या क्षणी उडी मारावीशी वाटली. झिजलेल्या वस्तूवर विश्वास ठेवायचा नाही, हे मी वर्गात एकदा ओझरतं बोललो होतो. ते तिने डोक्यात पक्कं बसवलं होतं. आणि रडून किंवा हट्टाने नव्हे, तर सरळ कामाचं बोलून तिने बापाला आल्या पावली परत पाठवलं. सामान बांधायचा विषय पुन्हा निघालाच नाही.

थोड्या दिवसांनी ते पोत्यात दांडा गुंडाळून आले. बरोबर तिची आईसुद्धा होती. आईला मी खुर्ची दिली, पण ती बसली नाही. यंत्राच्या काचेपाशी लेकीच्या मागे उभी राहिली.

मुलीने दांडा पुसला, तीन ठिकाणी मापला, कॉम्प्युटरवर बुश काढला. पडद्यावर तो पिवळा होऊन फिरायला लागला तेव्हा आई हळूच म्हणाली, "आवं, ह्यो तर अगदी तसाच." मग पितळेचा तुकडा आत लागला, दार बंद झालं आणि काचेवर हत्यार थंड ठेवणारं पांढरं पाणी उडायला लागलं.

बुश बाहेर आला. चकचकीत. वडिलांनी दांडा आत घातला, फिरवला आणि खूश झाले. मुलीने मात्र दांडा दोन बोटांत धरून आडवा हलवला. अगदी किंचित हालत होता.

भोक पाडायचं हत्यार तिने आदल्या दिवशी बदललं होतं आणि नव्या हत्याराचं माप यंत्राला सांगायचं राहिलं होतं. मला ते सुरुवातीलाच दिसलं होतं. फार तर पितळेचा एक तुकडा वाया जाणार होता, इजा कुणालाही होणार नव्हती, म्हणून चूक तिची तिलाच सापडू दिली.

"चालतंय की माय," वडील म्हणाले, "मातीतच तर फिरायचंय."

"न्हाई आबा. आत्ताच हालून राह्यलाय. मंग पेरणी होईस्तोवर किती झिजंल?"

"पडद्यावर तर बराबर दिसलं व्हतं."

"पडद्याला मी जे सांगितलं तेच तो दाखवतो. चूक माझी हाय." तिने तो बुश बाजूला ठेवला, हत्याराचं माप नव्याने घेतलं, आकडा दुरुस्त केला आणि दुसरा तुकडा लावला. वडिलांची एस.टी. चुकली. तरी ते काचेपाशीच थांबले.

दुसऱ्या बुशात दांडा असा बसला की जणू तेलातून सरकला. हलवून पाहिला, हालेना. वडिलांनी तो काढला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग बायकोच्या हातात दिला. तिने पदराने पुसून लेकीकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली, "गरम हाय अजून."

मी आयुष्यात हजारो बुश केले असतील. माझा एकही कुणी असा हातात धरून पाहिला नाही.

कोर्स संपल्यावर इथल्याच एका कारखान्यात तिची मुलाखत झाली. त्यांनी तिच्यापुढे एका सुट्या भागाचा मापांसकट काढलेला नकाशा ठेवला आणि त्यावरून यंत्राचा प्रोग्राम लिहायला सांगितलं. तिने आधी नकाशाच नीट वाचला आणि त्यात एक माप दिलेलंच नाही, ते कळल्याशिवाय लिहिता येणार नाही, असं सांगितलं. ते माप मुद्दामच गाळलेलं होतं, हे आम्हाला नंतर समजलं. दोन मुलांनी ते मनाने धरून लिहून टाकलं होतं. हिची निवड झाली.

रविवारी तिच्या वडिलांचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा चढलेला. "सर, पोरगी लागली! गावात चहाच्या टपरीवर लोक इचारून राह्यले, पोरगी काय करती. म्या सांगतो, लेथवरचा कॉम्प्युटर चालवती. कुणाला कायबी कळत न्हाई. मंग मी समद्यांना बसवून समजावून सांगतो."

"बराबर सांगता का पण?" मी विचारलं.

"बिलकुल! दांडा आन् बुश घेऊनच बसतो." मग म्हणाले, "तुमच्याकडं धाकटीलाबी घ्याल का? ती धावड्याला मामाकडं शिकती, दहावीला हाय."

यंदाच्या तुकडीत सहा मुली आहेत. त्यांना तिचा कारखाना दाखवायला मी परवा घेऊन गेलो. तिथे तीच आम्हाला न्यायला फाटकापाशी आली. छातीवर ओळखपत्र, पायांत जाड बूट. मुलींपुढे चालत ती एकेक यंत्र सांगत होती. कोणतं काम माणसाने बघायचं, कोणतं यंत्रावर सोपवायचं, आणि यंत्र थांबवायचं लाल बटण कुठे आहे हे सगळ्यांत आधी का बघून ठेवायचं. मी मागे राहिलो होतो. माझ्या मास्तरकीला तिथे काहीच काम नव्हतं, आणि मला ते फार बरं वाटत होतं.

एका यंत्राचा आवाज वेगळा वाटला म्हणून मी जमिनीवरची पिवळी रेघ ओलांडून पुढे झालो. तिने हात आडवा केला.

"सर, चष्मा."

मी नाकावरच्या वाचायच्या चष्म्याला बोट लावलं.

"हा न्हाई सर. तो." तिने भिंतीवर टांगलेल्या, डोळ्यांत कीस उडू नये म्हणून घालायच्या जाड काचांच्या चष्म्यांकडे बोट दाखवलं. "त्याच्याशिवाय आत कुणालाच सोडत न्हाई."

सहाही मुली माझ्याकडे बघत होत्या. मी मुकाट्याने मागे गेलो आणि चष्मा घातला.